फर्माइशीबाहेरचं गाणं : 'रॉक मशीन' ते 'इंडस क्रीड'

अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात हळदीच्या रात्री मांडवात बेंजो पार्टी लागते. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं, तारांचं, विजेवर चालणारं हे आपलं वाद्य. सोबत ढोलकी, कीबोर्ड आणि पुढे आलेला ऑक्टोपॅड. ऐन विशीत मी अशा एका पार्टीत चार हंगाम कीबोर्ड वाजवला. एका रात्री आमच्या बेंजोवाल्याने स्वतः बांधलेली चाल सुरू केली. चांगली होती. मिनिटभराने एक पाहुणा उठून आला, बेंजोवर दहाची नोट ठेवली आणि सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली. कुणी रागावलं नाही, आम्हीही नाही. आम्ही ते गाणं वाजवलं. ती चाल त्याने पुन्हा कधी काढल्याचं मला आठवत नाही.

हा प्रसंग सांगायचं कारण असं की, मुंबईच्या इंग्रजी रॉक संगीताचा इतिहास जुळवायला बसलो तेव्हा सुरुवातीच्या पंधरा-वीस वर्षांत मला हाच मांडव दिसला. गिटारी परदेशी, प्रेक्षक कॉलेजातले, पण व्यवहार तोच. लोकांना ठाऊक असलेलं दुसऱ्याचं गाणं जो जास्तीत जास्त हुबेहूब वाजवेल तो मोठा. १९७० आणि १९७१ साली सिगारेट कंपनीच्या पैशावर 'सिमला बीट' नावाच्या स्पर्धा झाल्या, त्यांच्या तबकड्याही निघाल्या. त्यांत स्वतःची गाणी बांधणारे बँड होते, नाही असं नाही. पण नंतरच्या दशकभरात हॉटेलांत आणि कॉलेजांच्या महोत्सवांत मागणी राहिली ती 'डीप पर्पल' आणि 'लेड झेपलिन'चीच.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' उभा राहिला तोही या मांडवातच. इतरांची गाणी वाजवतच त्याची सुरुवात झाली. नंतर जी मंडळी या बँडची म्हणून ओळखली गेली ती अशी : गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस. ही आडनावं शेजारी शेजारी वाचली की मुंबईच दिसते. या मंडळींनी हळूहळू आपली गाणी कार्यक्रमात घुसवायला सुरुवात केली आणि १९८८ साली 'सीबीएस'ने त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढला. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आला.

मी त्यांना प्रथम ऐकलं ते धोबीतलावच्या रंगभवनात. १९८६ पासून तिथे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचं. आमच्यासाठी ती तारीख अडचणीची. ऑगस्टात समुद्र खवळलेला. म्हणजे वडखळ, पेण, पनवेल करत एसटीने जायचं आणि रात्रीचं परतणं शक्यच नसल्याने दादरला मावशीकडे पाय पसरायचे. रंगभवन उघड्यावरचं. पावसाची सर आली की निम्मे लोक भिंतीकडे पळायचे, उरलेले तिथेच नाचायचे. (ते मैदान रुग्णालयाजवळचं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथला आवाज बंद झाला. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी रुग्णांच्या बाजूनेही थोडा विचार करावा.)

त्या रात्री मला ज्याचं नवल वाटलं ते वादनाचं नव्हतं. 'टॉप ऑफ द रॉक' सुरू झालं आणि हजारोंच्या गर्दीने ते त्यांच्याबरोबर म्हटलं. शब्द पाठ होते. कुणा परदेशी बँडचं गाणं नव्हतं ते, समोर उभ्या असलेल्या माणसांचं होतं. दहाची नोट घेऊन कुणी पुढे आलं नाही. आमच्या बेंजोवाल्याला त्या गर्दीत उभं करावं असं मला फार वाटलं. मुंबईत एका बँडने फर्माइशीची सवय मोडून दाखवली होती, आणि माझ्या मते या बँडच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी हीच. गाणी किती चांगली हा प्रश्न त्यानंतरचा.

तो प्रश्नही टाळू नये. 'रेनेगेड' आज ऐकताना वाद्यांवरची हुकमत जाणवते. तिनईकरांची गिटार नेमकी आहे, उगाच धावत नाही. बेनेगल यांचा गळा वरच्या पट्टीतही फाटत नाही. पण हे घर भाड्याचं आहे. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन हार्ड रॉकचा नकाशा समोर ठेवून खोल्या पाडलेल्या, उच्चारही तिकडचेच. नावातलं बंडसुद्धा तिकडचं. मुंबईत १९८८ साली बंड करण्यासारखं पुष्कळ काही घडत होतं. १९८२ च्या गिरणी संपाने हजारो घरं उठवली होती, त्यांतली काही आमच्या गावात परत आली होती. त्याची चाहूल मला या गाण्यांत लागत नाही. इंग्रजीत गायले म्हणून ते परके ठरतात असं मी मुळीच म्हणत नाही. अरुण कोलटकरांनी इंग्रजीत जेजुरी लिहिली तेव्हा जेजुरी परकी झाली नाही. भाषा कुठलीही असो, कवीचे पाय कुठे आहेत ते कळावं लागतं. 'रेनेगेड'मध्ये ते कळत नाही. 'द सेकंड कमिंग'मध्ये थोडं कळू लागतं, कारण बँड आवाज कमी करायला शिकला आहे.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. यंत्र गेलं, सिंधू आली. या काळात उपग्रह वाहिन्या आलेल्या होत्या आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली नव्या नावाचाच संग्रह निघाला. माझ्या दृष्टीने सुरुवातीच्या तिन्हींत तो सरस आहे. चाली सैलावल्या आहेत, तालाला हेलकावे आहेत, दुसऱ्या कुणासारखं वाजण्याची घाई नाही. आणि इथेच, दोन वर्षांत, १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला.

याचं ठरलेलं उत्तर मी इतक्या ठिकाणी वाचलं आणि ऐकलं आहे की त्याचा कंटाळा येतो : 'ते काळाच्या पुढे होते.' दुसरं उत्तर हिंदी पॉपचं. १९९२ मध्ये बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी', १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, कंपन्यांचे पैसे तिकडे वळले. हे खरं आहे, पण अपुरं आहे. हिंदी पॉप विकलं गेल्याने इंग्रजी गाणाऱ्या बँडने का बंद पडावं? त्याचे श्रोते कुठे पळाले नव्हते. रंगभवन भरतच होतं.

माझं म्हणणं पटवण्यासाठी जरा दूर, स्कॉटलंडला जावं लागेल. इंडस क्रीड संपण्याच्या एक वर्ष आधी, १९९६ मध्ये, ग्लासगो शहरात 'बेल अँड सेबॅस्टियन' हा बँड सुरू झाला. तिथल्या स्टो कॉलेजात संगीत व्यवसायाचा अभ्यासक्रम होता आणि तिथले विद्यार्थी 'इलेक्ट्रिक हनी' या नावाखाली तबकड्या काढत. त्यांनी या बँडचा 'टायगरमिल्क' काढला, प्रती फक्त १०००. त्या प्रती लोकांनी एकमेकांना ऐकवल्या, बँडला एक छोटी कंपनी मिळाली आणि १९९९ मध्ये त्यांनी ब्रिट पुरस्कारांत नवोदितांचा मान मिळवला. लाजरी, हळू आवाजातली गाणी. दूरदर्शन संचावर ती एका दिवसात चमकली नसती. त्यांना एक हजार प्रतींची पायरी मिळाली, मग दुसरी, मग तिसरी.

त्याहून मला जवळचं उदाहरण स्काय बेटावरच्या 'रनरिग'चं. १९७३ साली हा बँड निघाला तो नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणारी पार्टी म्हणून. म्हणजे आमच्यासारखाच. 'रनरिग' हा शब्द शेतजमिनीचा आहे. गावची जमीन पट्ट्यांत वाटून कसण्याची डोंगराळ स्कॉटलंडमधली जुनी पद्धत. १९७८ मध्ये त्यांनी पूर्ण संग्रह गेलिक भाषेत काढला. गेलिक बोलणारे तेव्हाही एखाद्या तालुक्याएवढेच. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली, इंग्रजीतही गायले, आणि १९९५ मध्ये त्यांचं एक गेलिक गाणं ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत जाऊन बसलं. १९९७ मध्ये त्यांचा गायक डॉनी मन्रो निवडणूक लढवायला बाहेर पडला, तरी बँड मोडला नाही. नवा गायक आला आणि ते २०१८ पर्यंत वाजवत राहिले. एका गायकाच्या जाण्याने मोडू नये इतके त्यांचे खांब वेगवेगळ्या ठिकाणी रोवलेले होते : गावचे हॉल, स्वतःची कंपनी, आपली भाषा, फिरते दौरे.

मुंबईत हे खांब कुठे होते? एका टोकाला कॉलेजांचे महोत्सव आणि वर्षातून एकदा रंगभवन, दुसऱ्या टोकाला एकदम उपग्रह वाहिनी. मध्ये काही नाही. दोनशे माणसं तिकीट काढून येतील, बँडची नवी गाणी कच्ची असतानाच ऐकतील, फसली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा येतील, अशी जागा नव्हती. मराठी वाचकाला हे एका शब्दात सांगता येतं. आपल्या नाटकाला छबिलदास होतं. दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात जे प्रयोग झाले, त्यांतले कितीतरी फसले, पण त्या फसण्यातून नाटककार आणि नट घडले आणि मुख्य रंगभूमीलाही माणसं मिळाली. रॉक संगीताला छबिलदास मिळालं नाही. इंडस क्रीडला प्रत्येक पाऊल मोठ्या मैदानावरच टाकावं लागलं. तेरा वर्षं त्यांनी ते टाकलं हेच अधिक. काळाच्या पुढे असण्याचा मान त्यांना देऊन आपण मोकळे होतो, आणि मधल्या जागा बांधण्याची जबाबदारी कुणाची होती हा प्रश्न तसाच राहतो.

या म्हणण्याला पुरावा नंतरच्या घटनांतून मिळतो. बँड मोडल्यावर बेनेगल न्यूयॉर्कला गेले, जयेश गांधींबरोबर त्यांनी 'आम्स फॉर शांती' केला, परत आल्यावर 'व्हर्लिंग कलापाज'. हा काळ मी भरभर ओलांडतो, कारण मला त्यांत शोध दिसतो, मुक्काम दिसत नाही. पण २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' ही जागा सुरू झाली. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडला आठवड्याच्या कुठल्याही वारी तिथे रंगमंच मिळू लागला. २०१० मध्ये पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला. आणि त्याच २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. ज्या गिरण्यांच्या संपाची चाहूल 'रेनेगेड'मध्ये नव्हती, त्यांतल्याच एकीच्या आवारात या संगीताला घर मिळावं, हे मात्र मला आजही नीट गिळता येत नाही. 'ब्लू फ्रॉग'ही २०१६ मध्ये बंद झालं.

पुनर्मीलनानंतरचा 'इव्हॉल्व्ह' २०१२ साली आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने, बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी नवे. जुने बँड परत येतात तेव्हा बहुधा आपल्याच जुन्या गाण्यांची बेंजो पार्टी होतात. लोकांना तेच हवं असतं, आणि नोट हातात असतेच. पंधरा वर्षांनी नवी गाणी घेऊन येणं हा या बँडचा मूळ स्वभाव, आणि तो टिकला. 'इव्हॉल्व्ह'मधली गाणी रेंगाळणारी, वळणं घेणारी आहेत. लय अवघड, कोरस ओठांवर सहज न बसणारा. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी विशीतला आरडाओरडा केला नाही हे मला आवडलं. उणीव सांगायची तर तीच जुनी : ही गाणी कुठल्या शहरात बसून लिहिली ते कान देऊनही कळत नाही. उच्चार मात्र सैल झाला आहे, आणि त्यामुळे काही ठिकाणी प्रथमच असं वाटतं की हा माणूस आपल्याशी बोलतोय.

आमच्याकडे उरण-पनवेलपासून मुरुडपर्यंत मुलं आता घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करतात. आगरी-कोळी बोली, स्वतःचे शब्द, स्वतःचा पैसा, मोबाइलवर लाखो ऐकणारे. यांतली बरीच गाणी सुमार आहेत, काही फार चांगली आहेत. हळदीत आता त्यांचीच फर्माईश होते. म्हणजे बेंजो पार्टी पुन्हा दुसऱ्याचंच गाणं वाजवते, फक्त तो दुसरा शेजारच्या गावचा असतो. ज्या धवलारणी पूर्वी लग्नात धवले गायच्या त्यांना अजून कुणी खोलीत नेऊन बसवलेलं मी पाहिलेलं नाही.

'रेनेगेड'ची माझी कॅसेट अलिबागच्या बाजारात घेतलेली. खाऱ्या हवेने तिला बुरशी धरली, दोनदा फीत काढून पुसली. पहिली बाजू बरी वाजते. दुसऱ्या बाजूवर दोन गाण्यांच्या मध्ये आमच्या बेंजोवाल्याची ती चाल चुकून रेकॉर्ड झालेली आहे, साधारण चाळीस सेकंद, नोट पडेपर्यंतची.