जुना डीएक्स-७ आणि नवा ऑप्सिक्स

आपल्या लग्नांत आणि मेंदीच्या रात्री हार्मोनियमच्या शेजारी ‘ऑर्गन’ आला, तेव्हा तो वाजवणाऱ्यांपैकी मी एक होतो. माझा यामाहा डीएक्स-७ अजून घरी आहे. गेल्या पेसाहला नातवाने कॉर्गचा ऑप्सिक्स आणला आणि म्हणाला, “सबा, हे पेटारं आता म्युझियममध्ये!” मी दोन्ही वाद्ये शेजारी ठेवून आठवडाभर वाजवली. त्याचा हा निकाल.

दोघांचे मूळ एकच, एफएम. हार्मोनियममध्ये हवेने पितळी रीड कापते. एफएममध्ये रीड नसते. विजेची एक लहर दुसऱ्या लहरीला हलवते. हे हलवणे संथ असेल तर गवयाच्या गळ्यातल्या कंपासारखे ऐकू येते. फार जलद केले की कंप ऐकू येत नाही, आवाजाचा पोतच बदलतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये हे उमगले. पुढे विद्यापीठाने यामाहाला परवाना दिला आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ बाजारात आला.

डीएक्स-७मध्ये अशा सहा लहरी, त्या जोडण्याच्या ३२ ठरलेल्या पद्धती आणि एका वेळी १६ सूर. ऑप्सिक्समध्येही लहरी सहाच. पण सूर ३२, आणि जोडणी आपली आपण ठरवता येते. आवाजाला घुमारा देण्याची सोयही आतच आहे. जुन्याला ती बाहेरून जोडावी लागे.

खरा फरक आवाज घडवण्यात आहे. जुन्यावर चपटी बटणे, एक सरकपट्टी आणि दोन ओळींचा पडदा. एकेक आकडा शोधून बदलायचा. बहुतेक वादक कंटाळून कंपनीने दिलेलेच आवाज वाजवत. म्हणून त्या काळच्या कितीतरी गाण्यांत तोच एक इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. नव्यावर प्रत्येक लहरीला स्वतंत्र खुंटी आणि सरकपट्टी आहे. नातवाने दहा मिनिटांत घंटेचा आवाज लाकडासारखा केला. मला चाळीस वर्षांत ते जमले नाही.

मात्र वाजवायला जुनेच बरे. त्याला ६१ पट्ट्या आहेत, नातवाच्या वाद्याला ३७. दोन हातांच्या वादकाला त्या अपुऱ्या पडतात. जुन्या पट्टीचा भरीव स्पर्शही नव्यात मला सापडला नाही.

पण जुन्याच्या पोटात एक बॅटरी असते. ती संपली की साठवलेले आवाज जातात. माझ्या डीएक्स-७मध्ये कीर्तनासाठी हार्मोनियमसारखा एक आवाज आहे. माझ्या थोरल्या भावाने तो कित्येक रात्री जागून घडवला होता. भाऊ आता नाही. नातवाने केबल लावून सगळे ३२ आवाज संगणकात उतरवले आणि तिथून ऑप्सिक्समध्ये घातले. पट्टी दाबली, आणि भावाचा आवाज नव्या वाद्यातून निघाला. फक्त जुन्याची बारीक खरखर तेवढी नव्हती.

तेव्हा क्षमतेत नवे वाद्य सरस, यात वाद नाही. पण जुन्यात जे आपल्या माणसांनी ठेवले आहे, ते नवे वाद्य स्वतःहून देणार नाही. ते आपण त्यात घालावे लागते. ज्यांच्या घरी असे पेटारे पलंगाखाली पडले असेल, त्यांनी बॅटरी संपण्याआधी नातवंडांना हाक मारावी.