अपात्राची विहीर

आजचा विषय मला दिलाय 'संकटकाळी देवाची दया'. अमरावतीत असा विषय जाहीर झाला की लोक धीराच्या चार गोष्टी ऐकायला येतात. मी कीर्तनकार नाही, वाङ्मय शिकवणारा माणूस आहे. त्यामुळे धीर देणं मला कितपत जमेल ठाऊक नाही. पण आपल्या सगळ्यांच्या देवघरात असलेली एक पोथी आहे, तिच्यातली एक गोष्ट आपण पुन्हा नीट वाचून बघू. मला वाटतं ती आपण अर्धीच वाचत आलोय.

पोथी म्हणजे दासगणूंचा 'गजानन विजय'. 1939 साली रचलेला, एकवीस अध्यायांचा. वऱ्हाडात तो रोज एक अध्याय असा वाचतात, नाहीतर एका बैठकीत पारायण करतात. पाचव्या अध्यायात अकोलीची विहीर येते. अकोली म्हणजे आपल्या अकोल्याच्या अकोट भागातली. भर उन्हात महाराज तहानलेले आहेत. शेतात भास्कर पाटील काम करतोय, त्याच्याजवळ गावातून डोक्यावर वाहून आणलेली पाण्याची घागर आहे. महाराज पाणी मागतात. भास्कर देत नाही, वर सुनावतो की धडधाकट माणसा, कष्ट कर. मग महाराज शेजारच्या विहिरीकडे जातात. बारा वर्षं कोरडी. तिथं विठ्ठलाचा धावा करतात आणि झरा फुटतो.

आता गंमत बघा. ही गोष्ट सांगताना आपण पाण्यापाशी थांबतो. साहजिकच आहे. अकोला, दर्यापूर, तेल्हारा, मधून पूर्णा वाहते, आणि तिच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा. तिथं विहीर खोदली, पाणी लागलं, तरी तोंडात घेववत नाही. अशा मुलखात झरा फुटल्याची गोष्ट ऐकली की माणसाचं बाकी कशाकडे लक्षच जात नाही. पण दासगणूंनी नजर कुठं ठेवलीय? भास्करावर. पाणी नाकारणाऱ्या माणसावर. विहीर भरते ती कोणाच्या शेताजवळ? त्याच्याच. महाराज त्यालाच सांगतात की आता गावाहून पाणी वाहायला नको, बागाईत कर. म्हणजे ज्यानं घोटभर पाणी दिलं नाही, त्याच्या पदरात अख्खी विहीर.

माझ्या मते या पोथीतली दयेची सगळ्यात धारदार व्याख्या हीच. दया पात्रता बघून येत नाही.

'पात्रता' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तुमच्यातल्या काहींनी तो कागदावर वाचला असेल. शेतकऱ्याच्या घरी आत्महत्या झाली की एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण समितीपुढे जातं. शेती होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासतात आणि प्रकरणावर शेरा पडतो: पात्र किंवा अपात्र. सरकारला निकष लागतात, ते मी समजू शकतो. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा असे सहा जिल्हे होते. 3,750 कोटींचा हिशेब निकषांशिवाय होत नाही. पण उसनवारी नातेवाइकाकडून केली, खत-बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, म्हणून ज्या बाईच्या नवऱ्याचं मरण 'अपात्र' ठरलं, तिनं संध्याकाळी दिवा लावून पाचवा अध्याय उघडला तर तिला त्यात काय दिसेल? तिला कोणी सांगायला हवं, की बाई, ही अपात्राचीच विहीर आहे.

आपण मात्र तिला दुसरंच सांगतो. तेरवीच्या कीर्तनात 'प्रारब्ध' सांगतो. 'देवाची इच्छा' सांगतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय आणि तेव्हा गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते.

याच पोथीत एक अवघड जागाही आहे, ती लपवून चालणार नाही. अकराव्या अध्यायात त्याच भास्कराला पिसाळलेला कुत्रा चावतो. महाराज त्याला वाचवू शकले असते, असं पोथीच सुचवते. भास्कर आयुष्य मागत नाही, तो शांतपणे जातो. भक्तीच्या हिशेबानं हा भाग फार उंच आहे. तरी मला तो वाचताना अस्वस्थ वाटतं. दासगणू एका शिष्याचं मरण सांगताहेत, आणि वाचणारा ते सरसकट सगळ्या मरणांना लावतो. 'बघा, भास्करानं कसं आनंदानं स्वीकारलं.' अरे बाप्पा, भास्कराच्या मागे बँकेची नोटीस नव्हती! एका प्रकारच्या मरणाची शांती दुसऱ्या प्रकारच्या मरणावर पांघरूण म्हणून टाकली की तिथं वाङ्मयाचा दोष राहत नाही, वाचणाऱ्याचा होतो.

गाडगेबाबा मला इथं आठवतात. 1876 चा जन्म, शेंडगावचा. मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे वाढले. मामाची जमीन सावकारानं गिळली, ती त्यांनी पाहिली. आणि घर सोडल्यावर सुरुवातीच्या कामांतलं मोठं काम कुठं? पूर्णाकाठच्या ऋणमोचनला. नाव बघा गावाचं. पौषातल्या रविवारी लोक तिथं नदीत अंघोळ करतात, कर्ज फिटतं या श्रद्धेनं. बाबा जन्मभर कीर्तनात सांगत फिरले की कर्ज काढून सण करू नका. त्यांनी या माणसांची चेष्टा करायला हवी होती, नाही का? त्यांनी काय केलं, तर लोक चिखलात घसरतात म्हणून वाट सारखी केली, पुढं तिथं घाट बांधून घेतला. श्रद्धेशी वाद कीर्तनात घातला, आणि पाय घसरू नये याची सोय नदीवर केली. दयेवरचं इतकं नेमकं भाष्य मला ग्रंथांत फार सापडलेलं नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनाही बाबांचं चरित्र लिहावंसं वाटलं, ते उगाच नाही.

तुकडोजी महाराजांचं थोडक्यात सांगतो, वेळ होत आलीय. 'ग्रामगीते'त सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय आहे. मोझरीला ती रोज होते. मला त्यातला 'रोज' महत्त्वाचा वाटतो. ज्या घरचा माणूस गेला, त्या घरातलं कोणी दोन संध्याकाळी प्रार्थनेला दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी गावाच्या लक्षात येतं. आशा म्हणतात ती पुष्कळदा एवढीच असते, कोणाच्या तरी लक्षात येणं.

(श्रोत्यांतून एका गृहस्थांनी विचारलं: मग सर, अशा घरी वाचावं तरी काय?)

काका, चांगलं विचारलंत. पाचवा वाचा. अकरावा काही महिने राहू द्या, तिला हवा असेल तेव्हा ती स्वतः उघडेल. आणि वाचून झाल्यावर प्रकरणाचे कागद मागून घ्या, शेरा काय पडलाय ते बघा. तहसीलला जायचं असेल तर तिला एकटीला पाठवू नका. दोघं जण सोबत जा.