जुन्या काळाच्या नावाखाली

तेल अवीवमध्ये हल्ली 'जुन्या काळाची' मद्यगृहे बरीच निघाली आहेत. मंद पिवळे दिवे, भिंतीवर कर्णा असलेला ग्रामोफोन, काळा टेलिफोन आणि कॉकटेलची लांबलचक यादी. नातवंडे मोठ्या हौसेने म्हणतात, "चला, तुम्हाला आवडेल, सगळं तुमच्याच काळातलं आहे." आपल्या वाचकांवरही हा प्रसंग येणार, म्हणून हे परीक्षण. गेल्या महिन्यात शब्बाथ सरल्यावर आम्ही तिघे सत्तरीपुढचे लोक अशाच एका ठिकाणी बसून आलो. त्याचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष त्या एकट्याचे नाहीत.

आधी चांगले ते सांगू. पेय उत्तम होते. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातील एका वर्तमानपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली होती: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. आम्ही मागवलेला 'ओल्ड फॅशन्ड' त्या व्याख्येला धरून होता. व्हिस्की मोजून घातलेली, साखर बेताची, बर्फाचा एकच मोठा खडा, वर संत्र्याच्या सालीचा वास. बनवणारा मुलगा घाई करत नव्हता आणि विचारले तर नीट समजावून सांगत होता. एका पेल्याला साठ शेकेलच्या वर पडले, पण कारागिरीचे पैसे गेले याचे दुःख नाही.

आमची तक्रार सजावटीबद्दल आहे. आमच्या मेजाला जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा होता. खालचा पायटा डाग देऊन पक्का केलेला, हलत नव्हता. आपल्यातील कित्येक घरांत याच मशीनवर रात्री उशिरापर्यंत कपडे शिवून मुलांच्या फिया भरल्या गेल्या. तिला मेज करायला हरकत नाही. पण भिंतीवर ग्रामोफोनबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत, तशा मशीनबद्दल एकही नाही. चैनीच्या वस्तूला इतिहास आणि कष्टाच्या वस्तूला फक्त जागा, असे का?

दारावर पाटी नाही, पुस्तकांचे कपाट ढकलून आत जायचे. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हाच्या चोरट्या अड्ड्यांची ही नक्कल. तरुणांना त्यात गंमत वाटते. मुंबईहून आलेल्या आपल्या लोकांना मात्र दारूबंदी गोष्टीतून कळलेली नाही. 1949 चा मुंबईचा कायदा, मोरारजी देसाईंचा तो काळ, प्रकृतीच्या कारणाने काढायचे परमिट, आणि ज्याला परमिट परवडत नाही त्याच्यासाठी गल्लीतली हातभट्टी. त्या हातभट्टीने माणसे आंधळी झाली, मेलीही. 'परमिट रूम' ही पाटी मुंबईत अजून दिसते. अमेरिकेतही विषारी दारूने पुष्कळ बळी घेतले. हे सारे गाळून केवळ चोरदरवाजा ठेवला की बंदीचा खेळ होतो.

त्या अमेरिकन बंदीत आपल्याला जवळची एक गोष्ट आहे, आणि यादीत तिचा पत्ता नाही. धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला कायद्याने सूट दिली होती. रब्बीमार्फत तो कुटुंबांना मिळे. त्या सवलतीचा गैरवापर होऊ लागला, खोटे रब्बीही निघाले. तेव्हा 1922 साली विद्वान लुई गिन्झबर्ग यांनी निर्णय लिहिला की किद्दूशसाठी न आंबवलेला द्राक्षरसही चालतो. न्यूयॉर्कमध्ये त्यावर वाद झाला. कोकणातल्या आपल्या घरांत मात्र काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या शरबतावर किद्दूश होतच आला होता. आजही मलिद्याच्या ताटाजवळ ते असते. जुन्या पेयांचा अभिमान सांगणाऱ्या ठिकाणी हे एक पेय असते, तर आम्ही दुसरा पेला आनंदाने घेतला असता.

'पंच'चेही तसेच. यादीत ते इंग्रज खलाशांचे पेय म्हणून दिले आहे. खलाशी ते हिंदुस्थानातून घेऊन गेले, आणि नाव आपल्या 'पाच' या आकड्यावरून पडले असे सहसा मानले जाते: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. हे लिहायला एक ओळ पुरली असती.

आता सोयीचे. यादीतील अक्षरे बारीक, उजेड कमी. आम्ही फोनचा दिवा लावून वाचले. खुर्च्या उंच, पाठ टेकायला आधार नाही. जुनी गाणी इतक्या मोठ्याने की शेजारच्याचे ऐकू येईना. ज्यांच्या तरुणपणाची आठवण विकायला ठेवली आहे, त्यांनाच बसता येऊ नये, हा आमच्या मते सर्वांत मोठा दोष. कोपऱ्यात चार पाठीच्या खुर्च्या आणि एक स्वच्छ दिवा, एवढ्याने काम भागेल. निघताना आम्ही हे व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

कश्रुत पाळणाऱ्यांनी आधी प्रमाणपत्र विचारावे. व्हर्मूथ आणि कोन्याक द्राक्षांपासून होतात, म्हणून मार्टिनी, मॅनहॅटन यांसारख्या पेयांत प्रश्न येतो. औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये.

आमचा सल्ला असा: नातवंडांनी बोलावले तर नक्की जा, पण गर्दी व्हायच्या आत, आणि एकच पेला घ्या. मशीनचा पायटा दिसला तर तो कशाला असतो, पायाने कसा चालवायचा, हे त्यांना तिथेच सांगा. घरी आल्यावर मनुकांचे शरबतही शिकवा. पाव किलो काळ्या मनुका आणि रात्रभर भिजायला वेळ, एवढेच लागते.