जळलेल्या शहराच्या तीन आवृत्त्या

परदेशातील शहर पाहून आलेल्या माणसाने तीन गोष्टी सांगावयाच्या, असा आपल्याकडे रिवाज आहे: काय पाहिले, काय खाल्ले आणि काय आणले. आपली बरीचशी प्रवासवर्णने या तिन्हींचा हिशेब देऊन समाधानाने मिटतात. जे पाहिले ते खरे होते काय, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गेल्या मे महिन्यात भाचीकडे फ्रँकफर्टला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी तो माझ्यापुढे उभा राहिला.

रोमरबर्ग हा तेथील जुना चौक. एका बाजूला 1405 पासून नगरभवन असलेली रोमर ही इमारत. समोर लाकडी चौकटींची, उतरत्या छपरांची देखणी घरे. त्या घरांतील मध्ययुगाविषयी मी चार रसिक वाक्ये बोलून गेलो. भाची हसून म्हणाली, "मामा, ही घरं तुमच्या लग्नानंतरची आहेत!" आणि ते खरे होते. ती 1981 ते 1984 या काळात बांधलेली आहेत. पोथ्यांचे पाठ तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने पहिल्याच पानावर प्रक्षेपाला दाद द्यावी, याची मला लाज वाटली.

लाज वाटण्यास दुसरेही कारण होते. नारायण पेठेतील आमचा वाडा पाडावयाचा ठरला आहे. नव्या इमारतीच्या दर्शनी भागात वाड्याचे नक्षीदार खांब 'शोभेसाठी' उभे करू, असे बांधकाम करणाऱ्याने सुचविले असून संमतीच्या कागदावर माझी सही तेवढी राहिली होती. तो कागद मी पुण्यात टेबलावर ठेवून आलो होतो. त्यातला प्रश्न मात्र सोबत आला होता.

मार्च 1944 मधील हवाई हल्ल्यांत फ्रँकफर्टचे जुने गाव जवळजवळ संपूर्ण जळाले. त्यानंतर या शहराने आपला नष्ट झालेला पाठ तीन वेळा, तीन रीतींनी संपादित केला. पाउल्सकिर्श, गटेचे घर आणि रोमर व डोम यांच्यामधील नवे 'जुने गाव' या त्या तीन आवृत्त्या. त्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत एकापाठोपाठ वाचता येतात, म्हणून हे शहर समीक्षकाने पाहावे असे आहे.

पहिली आवृत्ती पाउल्सकिर्शची. 1848 मध्ये जर्मनांची पहिली राष्ट्रीय सभा या चर्चमध्ये भरली. तिच्या शताब्दीसाठी 1948 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. पण रुडोल्फ श्वार्त्स आणि त्याचे सहकारी यांनी आतली जुनी सजावट परत आणली नाही. ठेंगण्या, अंधुक दालनातून जिना चढून आपण एकदम पांढऱ्या, उजळ, उघड्यावाघड्या सभागृहात येतो. गळालेला मजकूर कल्पनेने न भरता जागा कोरी सोडणाऱ्या संपादकाची ही प्रामाणिकता आहे.

दुसरी आवृत्ती गटेच्या जन्मघराची. 'शाकुंतल' डोक्यावर घेऊन नाचलेला गटे ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो. तो नाचला की नाही हे सोडून देऊ. 1791 मधील जर्मन भाषांतर वाचून तो भारावला होता, एवढे खरे. 22 मार्च 1944 रोजी, म्हणजे नेमके त्याच्या पुण्यतिथीच्या दिवशी, हे घर जळाले. सामानसुमान आधीच हलविल्यामुळे वाचले होते. 1947 ते 1951 या काळात घर होते तसे बांधले गेले. वाल्टर डिर्क्स या लेखकाने 1947 मध्येच याला विरोध केला होता. घर जळाले तो अपघात नव्हता, राष्ट्राच्या वर्तनाचा तो परिणाम होता. तेव्हा तो निकाल पत्करावा, असा त्याचा आशय. युक्तिवाद कठोर आहे आणि मला तो पटतो. तरीही त्या खोल्यांतून हिंडताना मी डिर्क्सला विसरलो, हेही नमूद केले पाहिजे. अस्सल सामानाने नव्या भिंतींना साक्ष दिली होती.

तिसरी आवृत्ती सर्वांत रमणीय आणि सर्वांत संशयास्पद. 1974 मध्ये येथे महापालिकेच्या तांत्रिक कचेऱ्यांची काँक्रीटची प्रचंड इमारत उभी राहिली. पुढे ती पाडण्यात आली आणि 2018 पर्यंत त्या जागी 35 घरे झाली: 15 जुन्या घरांच्या प्रतिकृती, 20 नव्या रचनेची. त्यांतले 'सोन्याचा तराजू' हे घर मूळचे सतराव्या शतकातले, नेदरलँड्समधून आश्रयाला आलेल्या एका व्यापाऱ्याचे. कारागिरी अप्रतिम आहे. पण एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले; येथे प्रक्षेप आणि मूळ पाठ एकाच हस्ताक्षरात लिहिलेले आहेत. आणि या गल्लीने 1944 बरोबर 1974 देखील खोडून टाकले. चूक खोडणे आणि चूक घडलीच नाही असे भासविणे यांत अंतर आहे.

हे मत मी दुपारी जेवणाच्या टेबलावर मोठ्या आवेशाने मांडले. समोर ग्र्यूने झोसे होते: सात पाल्यांची थंडगार हिरवी चटणीवजा कालवण, सोबत उकडलेली अंडी आणि बटाटे. त्या सातांत आपल्या हळिवाचा पाला असतो, आंबट चुक्याचा एक सोयराही असतो. 1954 च्या बाजारगृहात या पाल्यांच्या कागदात गुंडाळलेल्या जुड्या मी सकाळीच पाहिल्या होत्या. भाची म्हणाली, "मग हे कालवण खोटं का? ते तर आज सकाळी केलंय." मी निरुत्तर झालो. पाककृती रोज नवी होते म्हणूनच जुनी राहते. लाकडी घरांच्या तुळयाही पिढ्यान्‌पिढ्या बदलल्या जातच होत्या. तेव्हा नवेपणा हा दोष नव्हे. दोष असेल तर तो कशाबद्दल मौन पाळले त्याचा.

दुसरे दिवशी रविवार. त्साइल ही खरेदीची मोठी पेठ कायद्याने बंद होती. काचेच्या भव्य दुकानांपुढे शुकशुकाट. खरेदी हुकल्यामुळे आम्ही चालत बोर्नेप्लात्सकडे गेलो. तेथे जुन्या ज्यू दफनभूमीची भिंत आहे. 1996 पासून तिच्या बाहेरच्या अंगाला फ्रँकफर्टमधून नेऊन मारलेल्या सुमारे 12,000 ज्यूंच्या नावांचे लहान लहान ठोकळे बसविलेले आहेत. त्यांवर कोणी कोणी खडे ठेवून जातात. 1929 मध्ये याच शहरात जन्मलेल्या अ‍ॅन फ्रँकचे नाव त्यांत आहे. ती कोणालाही ठाऊक असते. तिच्या शेजारपाजारची नावे मी वाचू लागलो, तेव्हा पाय निघेना.

ही भिंत काहीच पुन्हा बांधीत नाही. घरे का जळाली हे रोमरजवळची गल्ली सांगत नाही. ते येथे येऊन समजते. नव्या गावाची टीप या भिंतीवर लिहिलेली आहे. टिपेवाचून तो पाठ वाचणाऱ्याने फ्रँकफर्ट पाहिले, असे मी म्हणणार नाही. आणि टीप वाचल्यावर पुन्हा गल्लीत गेलो, तेव्हा ती मला आवडली, हेही लपवीत नाही.

येताना राखी-निळ्या रंगाचा एक छोटा बेंबेल आणला. सफरचंदाच्या मद्याचा तो तेथील चंबू. घरी येऊन कागदावर सही केली. खांब लावावेत, पण वाड्यात शंभर वर्षांत राहून गेलेल्या बिऱ्हाडांची नावे त्यांच्याशेजारी लिहावीत, अशी अट घातली आहे. बांधकाम करणाऱ्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.