तीन केळझर आणि एक गाभा

नागपूरहून वर्ध्याकडे येताना सेलू तालुक्यातले केळझर लागते. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे हे गाव विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे गावातला कोणीही सांगेल. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातही एक एकचक्रा आहे, आणि तिथले लोकही पांडवांबद्दल हेच सांगतात. पण तो वाद बाजूला ठेवू. नववीच्या मुलांना मी एकदा संगणकावर आपल्या गावाची माहिती शोधायला सांगितली, तेव्हा एका मुलीने मोठ्या उत्साहाने केळझर धरणाचे चित्र आणून दाखवले. ते धरण नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातल्या केळझरचे होते. दुसऱ्या एकाला केळझर रेल्वे स्थानक सापडले, ते चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ, गोंदिया–बल्लारशाह मार्गावर आहे. मुलांनी चूक केली नव्हती. नाव बरोबरच होते, फक्त ते कोणी कुठे उभे राहून उच्चारले याची नोंद कुठे नव्हती.

अशा घोटाळ्यातून बाहेर पडण्याचे मार्ग दोन. पहिला आपल्या टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वीकारला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताच्या कल्पनेतून सहा अंकी पिनकोड आला. वर्धा ४४२००१, मूल ४४१२२४, सटाणा ४२३३०१. नाव तेच राहू द्यावे आणि शेजारी देशभरात वेगळा ठरणारा आकडा लिहावा, असा हा मार्ग. दुसरा मार्ग आपण रोज न कळत वापरतो. वर्ध्याच्या बसस्थानकावर 'केळझर' म्हटले की वाहक कोणते म्हणून विचारत नाही. नाव अपुरे असते, पण बोलणाऱ्याची जागा ते पुरे करते. नावाला ज्या हद्दीत एकच अर्थ असतो त्या हद्दीला आपण नामक्षेत्र म्हणू, इंग्रजीत तिला नेमस्पेस म्हणतात.

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याने हा दुसरा मार्ग धरला, आणि त्यासाठी आधी लिहून झालेली आज्ञावली चालू असतानाच आतून बदलली. त्या बदलाची ही समीक्षा. (गाभ्याला 'कर्नल' म्हटले की मुलांना सैन्यातला अधिकारी आठवतो, म्हणून मी तो शब्द टाळतो.) आज्ञावलीची कसली समीक्षा, असे कोणी विचारील. लिनक्सची आज्ञावली कोणालाही वाचायला खुली आहे, ती माणसांनी माणसांसाठी लिहिली आहे, आणि तिच्यात चांगले-वाईट लेखन असते. कवितेची समीक्षा होते, मग हिची का होऊ नये?

मूळ अडचण अशी. युनिक्सच्या परंपरेत एका यंत्रात प्रत्येक गोष्टीची एकच यादी असे. यंत्राला एक नाव, चालू प्रक्रियांना क्रमांकांची एक मालिका, संचिकांचा एक वृक्ष. एकाच यंत्रावर परस्परांशी संबंध नसलेली अनेक कामे चालवायची वेळ आली, तेव्हा या याद्या आड येऊ लागल्या. प्रत्येक कामाला स्वतःची यादी हवी होती. बेल लॅब्जमध्ये रॉब पाइक, केन थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी 'प्लॅन नाइन' या प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेला नावांचा स्वतंत्र वृक्ष देण्याची कल्पना आधीच राबवली होती. पण ती प्रणाली कोरी पाटी होती. लिनक्सपाशी चालत्या घराची डागडुजी होती.

ही डागडुजी कशी झाली हे पाहायला यंत्राच्या नावाचे उदाहरण सर्वांत सोपे. २००६ पूर्वी गाभ्यात यंत्राचे नाव एकाच सार्वत्रिक चलात साठवलेले होते आणि ठिकठिकाणचा मजकूर थेट त्या चलाकडे बोट दाखवत असे. आधी काय केले, तर थेट उल्लेखांच्या जागी एक छोटे फलन ठेवले. ते फलन प्रथम तेच जुने चल परत देत होते, म्हणजे वागणुकीत काहीही फरक नव्हता. सर्व उल्लेख त्या दारातून जाऊ लागल्यावर दारामागची खोली बदलली: आता ते फलन चालू प्रक्रियेच्या नामक्षेत्रातले नाव देते. बदल करूनही काही न बदलणे ही पहिली पायरी मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

परंतु हे 'शोधा आणि बदला' असे यांत्रिक काम नव्हते. प्रत्येक उल्लेखापाशी थांबून विचारावे लागले की इथे कोणाबद्दल बोलणे चालू आहे. एखादी प्रक्रिया 'मी कोणत्या यंत्रावर आहे' असे विचारते, तेव्हा तिच्या क्षेत्रातले उत्तर द्यायचे. पण गाभाच कोलमडतो आणि शेवटचा संदेश छापतो, तेव्हा त्यात छापायची माहिती त्या क्षणी योगायोगाने चालू असलेल्या प्रक्रियेच्या क्षेत्रातली नको, मूळ यंत्राची हवी. म्हणून दुसरे फलन ठेवावे लागले, ते नेहमी मूळ क्षेत्राकडेच जाते. जुन्या लेखकांना हा भेद करण्याची गरजच पडली नव्हती. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होते. जिल्ह्यात एकच केळझर असले की 'कोणते' हा प्रश्नच सुचत नाही, तसे.

प्रक्रियांच्या क्रमांकांत हाच प्रश्न बिकट झाला. गाभ्याचे अनेक भाग एखाद्या प्रक्रियेची आठवण म्हणून तिचा क्रमांक लिहून ठेवत. पण क्रमांक ही वस्तू नव्हे, ते वस्तूचे नाव. प्रक्रिया संपते, क्रमांकांची मालिका फिरून पुन्हा सुरुवातीला येते, आणि तोच क्रमांक भलत्याच प्रक्रियेला मिळतो. मग जुन्यासाठी पाठवलेला 'थांब' असा संकेत नव्या, निरपराध प्रक्रियेला लागतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाचा हजेरी क्रमांक नव्या मुलाला द्यावा आणि जुन्याची थकलेली फी त्याच्याकडे मागावी, असा प्रकार. यावर एरिक बीडरमन यांनी २००६ मध्ये आणलेला उपाय असा: आत क्रमांक ठेवायचाच नाही, क्रमांकामागची एक लहानशी नोंद धरून ठेवायची, आणि क्रमांक फक्त बाहेर सांगायच्या क्षणी काढायचा.

हा पाया पडला म्हणूनच जानेवारी २००८ च्या आवृत्तीत क्रमांकांची नामक्षेत्रे उभी राहिली. इथे एकाच प्रक्रियेला अनेक क्रमांक असतात, प्रत्येक पातळीवर एक, आणि मूळ क्षेत्राच्या आत ३२ पातळ्यांपर्यंत जाता येते. मुलाला वर्गात हजेरी क्रमांक असतो आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात दुसरा, तसेच हे. बाहेरच्याला आतले दिसतात, आतल्याला बाहेरचे दिसत नाहीत. ज्या प्रक्रियेचा जनक बाहेरच्या क्षेत्रात आहे, तिने 'माझ्या जनकाचा क्रमांक काय' असे विचारले तर उत्तर मिळते शून्य. खोटे सांगितले नाही आणि खरेही उघड केले नाही. हे उत्तर ज्याने निवडले त्याला दाद द्यावी.

आता दोष. नावांचाच विचार करणाऱ्या या आज्ञावलीने स्वतःची नावे मात्र वाईट ठेवली. पहिले नामक्षेत्र २००२ मध्ये आले, ते संचिकांचा वृक्ष कुठे कसा जोडला आहे याचे. ते मागण्याच्या खुणेला लेखकांनी नाव दिले 'नवे नामक्षेत्र', बस्स. कसले ते सांगितलेच नाही, कारण पुढे दुसरी निघतील असे कोणाच्या मनात नव्हते. आज एकूण आठ प्रकार आहेत. गाभ्याच्या आतल्या रचनेचे नाव २००६ च्या अखेरीस दुरुस्त झाले, पण ती खूण बाहेरच्या असंख्य प्रोग्रॅमांत लिहिली गेली होती, तिला हात लावता येत नाही. पुढे खुणांसाठी जागाही अपुरी पडली. २०२० मध्ये काळाचे नामक्षेत्र आले, तेव्हा त्याच्या खुणेसाठी उरलेली जागा दुसऱ्या कामाच्या खुणांवर चढत होती. म्हणून प्रक्रिया जन्माला घालण्याच्या जुन्या आज्ञेतून ते मागताच येत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. प्रत्येक प्रकार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिला, आणि 'हे क्षेत्र अजून कोणी वापरते आहे का' याची मोजणी प्रत्येकाने आपापल्या परीने केली. सामाईक भाग एका रचनेत आणण्याचे काम २०१४ च्या अखेरीस सुरू झाले, आणि मोजण्या त्या रचनेत हलवण्याचे प्रस्ताव २०२० मध्ये आले. म्हणजे पहिल्या क्षेत्रानंतर अठरा वर्षांनी. मोजणी चुकली तर एकतर स्मृती अडकून पडते, किंवा वापरात असलेली वस्तू पुसली जाते, आणि दुसऱ्या प्रकारातून घुसखोराला वाट मिळते. आठ ठिकाणी आठ हातांनी लिहिलेली तीच बेरीज कोणी तपासायची?

आणि वापरकर्त्यांचे नामक्षेत्र. २०१३ पासून साधा वापरकर्ता स्वतःच्या क्षेत्रात सर्वाधिकारी होऊ शकतो. बाहेर त्याचे अधिकार वाढत नाहीत, ही कल्पना कागदावर निर्दोष आहे. पण गाभ्याचे कितीतरी जुने भाग 'इथवर फक्त सर्वाधिकारीच पोचतो' या विश्वासाने लिहिलेले होते. त्यांचे दार अचानक सर्वांना उघडले आणि आतल्या जुन्या चुका बाहेर आल्या. डेबियनने ही सोय सामान्य वापरकर्त्यांसाठी कित्येक वर्षे बंदच ठेवली आणि २०२१ च्या आवृत्तीत खुली केली. त्यांचा सावधपणा मला बरोबर वाटतो. घराच्या आतल्या खोल्यांना कड्या आहेत का हे पाहिल्याशिवाय पुढचे दार काढू नये.

म्हणूनच 'कंटेनर म्हणजे संगणकातला छोटा संगणक' हे सर्रास केले जाणारे वर्णन वर्गात सांगू नये असे माझे मत आहे. गाभ्यात कंटेनर नावाची वस्तूच नाही. नामक्षेत्रे आहेत, साधनांचे वाटे ठरवणारी वेगळी यंत्रणा आहे, आणि या सगळ्याखाली गाभा एकच आहे. तो फुटला तर सर्व खोल्या एकदम उघड्या पडतात. छोटा संगणक म्हटले की मुलांना त्याला स्वतःच्या भिंती असल्याचा भास होतो.

ज्या शाळेत लिनक्सवर चालणारा संगणक आहे तिथे हे एका तासात दाखवता येईल. दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत सर्वाधिकारी होऊन 'अनशेअर' ही आज्ञा यूटीएसच्या पर्यायासह द्यावी आणि मग 'होस्टनेम' आज्ञेने रोमन अक्षरांत केळझर असे नाव द्यावे. दुसऱ्या खिडकीत यंत्राचे नाव विचारले तर जुनेच येते. मग तिथेही तेच करून तेच नाव द्यावे. आता दोन केळझर झाली. दोन्हीकडे '/प्रॉक' खालच्या 'सेल्फ' मधली 'एनएस' ही निर्देशिका विस्ताराने पाहिली, तर यूटीएससमोर चौकटी कंसात एक लांबलचक आकडा दिसतो, आणि तो दोन्ही खिडक्यांत वेगळा असतो. आकडे मुलांना फळ्यावर लिहू द्यावेत. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तर ते तेच राहतील असे मात्र धरून चालू नये.