रॉथ्कोचे देहरेखन
मार्क रॉथ्को म्हणजे रंगांचे तरंगते आयत, एवढीच आपली ओळख. परंतु न्यूयॉर्कच्या 'आर्ट स्टुडंट्स लीग'मध्ये मॅक्स वेबरच्या हाताखाली शिकलेल्या या चित्रकाराने तरुणपणी नग्न देह पुष्कळदा रेखाटला. (नग्नचित्र म्हणताच नाक मुरडणाऱ्यांनी ती चित्रे अवश्य पाहावीत.) देह जड, बोजड, रेषेत ना लाडिकपणा, ना लालसा. मग देह सुटला का? लाजेने नव्हे. मानवाकृती विद्रूप केल्याविना आपल्या कामी येत नाही, म्हणून ती नाइलाजाने सोडली, असे त्याने १९५८ च्या व्याख्यानात सांगितले. द मेनिल या कॅथोलिक दांपत्याने ह्यूस्टन येथे उभारलेल्या, १९७१ मध्ये खुल्या झालेल्या प्रार्थनामंदिरात त्याची १४ चित्रे आहेत. त्यांत आकृती एकही नाही. तिची जागा, मला वाटते, समोर उभ्या राहणाऱ्याच्या देहाने घ्यायची आहे.