दीडशे रुपयांची फियाट

बी. कॉम. झालेल्या माणसाला कुठलीही वस्तू दिसली की आधी तिचा घसारा दिसतो. लोक म्हणतात, काय सुंदर टेबल! आम्ही म्हणतो, दहा टक्के. मोटार असेल तर पंधरा. तोही घटत्या शिलकीवर, म्हणजे किंमत दरसाल कमी होत जाते पण शून्य काही होत नाही. हिशेबाने पाहिले तर एक लाखाची गाडी दहा वर्षांनी १९,७०० रुपयांची होते आणि चाळीस वर्षांनी बरोबर दीडशे रुपयांची.

हे गणित मी गुरुजींना करून दाखवले, तेव्हा त्यांनी मला उभ्या हयातीत वर्गात कोणाला दिली नसेल अशी नजर दिली. गुरुजी म्हणजे अजिंठा गावातले आमच्या गल्लीचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी त्यांच्या गोठ्यात उभी आहे. गाव तिला अजून फियाटच म्हणते. पुण्याच्या भाच्याने गुरुजींच्या डोक्यात भरवले, की मामा, असल्या गाडीला हल्ली बारा लाख मिळतात, फक्त चार लाख घालून नवीकोरी करून घ्या. गुरुजी नातीच्या शिक्षणाची एफडी मोडायला थेट आमच्या काउंटरवर हजर! ‘साहेब, मोडून टाका,’ म्हणाले. (मला साहेब फक्त गाव म्हणते. शाखेत तसा गैरसमज कोणाचा नाही.)

आता हा बारा लाखांचा भाव आला कुठून? आमच्याकडच्या बैलबाजारात तोंडाने सांगितलेल्या भावावर शेंबडे पोरही विश्वास ठेवत नाही. खरा भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. जुन्या मोटारींच्या बाजारातही रुमाल आहेच. फक्त तिथे ओरडलेला भाव सगळ्या गावाला कळतो आणि रुमालाखालचा दोघांनाच. भाच्याने ऐकला तो ओरडलेला. तो विकणाऱ्याने मागितला होता. कोणी दिला का, हे विचारायचे राहून गेले. लग्नाच्या जाहिरातीतला पगार धरून कोणी कर्ज मंजूर करीत नाही, पण मोटारीच्या बाबतीत शहाणी माणसेसुद्धा तसे करतात.

शिवाय लिलावाच्या बातम्या असतात. २०२२च्या मे महिन्यात मर्सिडीजची १९५५ सालची एक गाडी साडेतेरा कोटी युरोंना, म्हणजे हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेली. हे खरे आहे. पण तसल्या गाड्या जगात बनल्या दोनच, दोन्ही कंपनीच्याच ताब्यात होत्या, आणि विकली ती कंपनीनेच. ‘माझीसुद्धा एकच आहे,’ गुरुजी म्हणाले. त्यांची एकच आहे हे कबूल. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी हजारोंनी बाहेर पडल्या. मारुती आल्यावर लोकांनी त्या मिळेल त्या भावाला फुंकल्या. पुढे कंपनीने गाडीच बंद केली, तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचे मला आठवत नाही. पाणी आले ते ३० ऑक्टोबर २०२३ला, मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा. तेही बहुतेक टॅक्सीत बसून गेलेल्यांच्या. चालवणाऱ्याला हँड गिअर टाकून टाकून दुखणारा खांदा ठाऊक होता.

पण बाजारावरचा माझा खरा राग भावावर नाही, ‘नवीकोरी’ या शब्दावर आहे. अहो, जुनी म्हणून जिची किंमत, तिला चार लाख खर्चून नवी करायची आणि मग जुनी म्हणून विकायची! जाणता गिऱ्हाईक आधी काय पाहतो? आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, कागद पहिल्या मालकापासून सलग आहेत का आणि मूळचे किती शिल्लक आहे. गंजून पत्र्याला भोक पडले असेल तर पत्रा बदलावाच लागतो. पण धड असलेला मूळ रंग खरवडून वर चकचकीत डेंटिंग-पेंटिंग केले, की गाडीच्या अंगावर कारखान्याचे उरते काय? आणि त्या कामाचा खर्च विक्रीत वसूल होईल, हे तर नशीबवानालाच दिसते.

हे अजिंठ्याच्या माणसाला सांगावे लागावे याचे मला नवल वाटते. लेणी आमच्या घाटाखाली. १९२०च्या सुमारास निजामाने चित्रे वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणले. भिंतीचे सुटलेले पापुद्रे त्यांनी चिकटवले, ते उत्तम केले. पण चित्रांवर लाखेचे व्हार्निशही चढले. पुढे ते पिवळे पडले, खालचे रंग झाकोळले आणि ते उतरवण्याचे जिकिरीचे काम पुरातत्त्व खात्याच्या गळ्यात आले. मी गुरुजींना एवढेच म्हटले, पापुद्रे चिकटवा, लाख लावू नका. लाखेचे काम लाखाला पडते. गुरुजींनी पूर्वी दरवर्षी मुलांची सहल लेण्यांत नेली आहे. ते गप्प झाले. एफडीची पावती घडी करून खिशात गेली आणि मिस्त्रीला फक्त ब्रेक आणि कार्बोरेटर सांगण्यात आले. मिस्त्री अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कराचा एक भाग राहिला, आणि बँकेत बसणाऱ्याने तो वगळणे बरे नव्हे. स्वतःच्या वापरातली मोटार विकून नफा झाला तर त्यावर कर नाही. चित्र किंवा शिल्प विकले तर आहे. मुंबईतल्या एका नोकरदाराने १९३१ची फोर्ड १९८३ साली वीस हजारांना घेतली आणि पुढे एकवीस लाखांना विकली. आकारणी वर्ष १९९२-९३. ते म्हणाले, घरगुती वस्तू आहे. खाते म्हणाले, तुम्ही ती वापरलीत कधी? वाद चालत चालत २०२५च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की गाडी वापरता येण्यासारखी होती एवढे पुरत नाही, वापरल्याचा पुरावा हवा. तो नव्हता. म्हणजे बाजार म्हणतो, जितकी कमी चालवाल तितका भाव चढा. कायदा म्हणतो, चालवलीच नाहीत तर कर भरा. या दोघांना एका टेबलाशी बसवील असा हिशेबनीस अजून जन्मायचा आहे.

त्यात २०२१चा नियम. गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झाली, तर वीस हजार रुपये भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. गुरुजींची पद्मिनी त्यात बसायला २०३४ उजाडेल. पण मग ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. गुरुजींनी तो नियम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. पंप कुठला असावा याबद्दल काही लिहिले आहे का, असे विचारले. नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग ठीक आहे. नाशिकला लेकीच्या घराजवळ फार चांगलं पेट्रोल मिळतं.’